पुढे ढकलायची गोळी

गेल्या महिन्यात तुमच्यातल्या थोरलीने फोनवर मला एक प्रश्न विचारला. तिला कॉलेजात निबंध लिहायचा होता, कुटुंबनियोजनाच्या गोळीने बायकांचं आयुष्य कसं बदललं यावर. "आजी, तू घेत होतीस ना? म्हणून तर तुला नोकरी करता आली ना?" मी हो म्हटलं. दोन मुलींवर थांबले, निवृत्त होईपर्यंत नोकरी केली, तुमच्या आईला शिकवलं, हे सगळं ओळीने सांगितलं. ती खूश झाली. तू तुझ्या काळाच्या किती पुढे होतीस, म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला लाज वाटली. सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण ते अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं दुसऱ्या एका बाईच्या वाट्याला गेलं होतं. ते आता लिहून पाठवते आहे. निबंधात घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मराठीत लिहिते आहे म्हणून रागावू नका, आईकडून वाचून घ्या. मला खरं तर इंग्रजी लिहिणं सोपं जातं. पण जन्मभर ऑफिसात इंग्रजी पत्रंच लिहिली, आणि त्या पत्रांत चूक झालेली असते, पण ती कोणी केलेली नसते. घरच्या भाषेत मला तसं लिहिता येत नाही.

चेन्नईला तेव्हा मद्रासच म्हणायचे सगळे. वेस्ट मांबलममधल्या एका घराचा खालचा भाग आमच्याकडे भाड्याने होता. घरात सासू, ज्यांना आम्ही अम्मा म्हणायचो, तुमचे आजोबा, मी, आमच्या दोन मुली, आणि आजोबांचे धाकटे भाऊ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या धाकट्या भावाचं लग्न झालं आणि कुंभकोणमची एक एकोणीस वर्षांची मुलगी माझी जाऊ होऊन आली. तीच तुमची काकूआजी. तुम्ही आलात की तुमच्यासाठी चकलीसारखे मुरुक्कू करून आणते, ती.

आपण तंजावरकडची मराठी माणसं. दोनशे-अडीचशे वर्षं तमिळ मुलखात राहून आमच्या बोलण्यात निम्मी तमिळ आली होती, पण देवाचं आणि पितरांचं कडक होतं. आमच्या घरात वर्षाला किती श्राद्धं, किती सण, किती समाराधना असत हे तुम्हाला खरं वाटणार नाही. त्या प्रत्येक दिवशी सोवळ्यात स्वयंपाक करायला निदान एक सून लागायची. अम्मांचे गुडघे गेले होते. त्या स्टुलावर बसून सांगायच्या, हात आमचे चालायचे. आणि महिन्याचे तीन दिवस बाईने मागच्या खोलीत चटईवर दूर बसायचं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, कोणी शिवायचं नाही. म्हणजे कोणाची पाळी कधी आली आणि कधी नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. दूधवाल्यालासुद्धा.

जाऊ आल्यावर तिसऱ्याच महिन्यात सासऱ्यांच्या श्राद्धाच्या दिवशी आम्ही दोघी एकदमच दूर बसलो. बाहेरून स्वयंपाकी आणावा लागला. त्याने वडे कच्चे काढले. अम्मा त्या दिवशी जेवल्या नाहीत. आम्ही दोघी मागच्या खोलीतून ते सगळं ऐकत होतो. जाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अक्का, मामंजी वरून म्हणत असतील, दोन सुना असून मला हॉटेलचं जेवण." मला हसू आवरेना. बाहेर अम्मांना ते ऐकू गेलं आणि आठवडाभर बोलणी बसली.

मला अव्यवस्था सहन होत नाही. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करायला लागले. माझ्या दिवसांना टिंब, जावेच्या दिवसांना लहान वर्तुळ, सणांना फुली. टिंब किंवा वर्तुळ फुलीवर येणार असं दिसलं की महिनाभर आधी कळायचं. कळून करायचं काय, त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. त्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

दुसरी मुलगी झाल्यावर मी एग्मोरला ऑफिसच्या जवळच एका लेडी डॉक्टरकडे जाऊन गोळ्या सुरू केल्या होत्या. तुमच्या आजोबांना माहीत होतं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. घराबाहेर भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता. पण अम्मांना नातू हवा होता, आणि थोरल्या सुनेने दोन मुलींवर आपणहून दार लावून घेतलं हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती. मी सांगितलं होतं की माझ्या अंगात रक्त कमी आहे, डॉक्टर म्हणतात थांबा. गोळ्यांची पाकिटं शॉर्टहँडच्या पेन्सिलींच्या डब्यात, ऑफिसच्या पिशवीत असायची.

त्याच डॉक्टरने एकदा, माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी, पाळी पुढे जावी म्हणून मला सांगितलं होतं की पाकीट संपलं तरी खंड न पाडता दुसरं सुरू करा. लग्न निर्विघ्न पार पडलं. अम्मांना मी सांगितलं, पुढे ढकलायची गोळी मिळते. त्यांना ते फारच आवडलं. तिरुपतीला जाणाऱ्या बायका घेतात, असं त्यांनीही कुठेतरी ऐकलं होतं. देवाधर्माच्या आड येत नाही, उलट देवाधर्माला मदतच करते, असं त्यांचं मत झालं. शेजारणींना त्या कौतुकाने सांगायच्या, आमची थोरली ऑफिसातून औषध आणते, आता श्राद्धाची काळजी नाही.

एकच गोळी होती. मूल नको म्हणून घेतली तर डब्यात लपवायची, आणि सोवळ्यासाठी घेतली तर अम्मा स्वतः पाण्याचं भांडं पुढे करायच्या.

मग मी ती जावेला द्यायला लागले. डॉक्टरला विचारलं नाही. मला वाटलं, मला चालते तर तिला का नाही. शिवाय मला ते सोयीचं होतं. फुलीच्या दिवशी ती मोकळी असली की मला रजा काढावी लागत नसे. मी सकाळची साडेआठची गाडी पकडून मांबलमहून एग्मोरला जायची, आणि ती ओलेत्याने चुलीपुढे असायची. माझ्या कामाची तेव्हा वाहवा होत होती. मला बढती हवी होती.

फुलीच्या आधी दहा-बारा दिवस मी तिच्या हातावर रोज एक गोळी ठेवायची. कधी खात्री नसली की आणखी आधीपासून. लागोपाठ दोन फुल्या आल्या की वीस-पंचवीस दिवस. ती बिनतक्रार गिळायची. "कॅलेंडरवर सगळ्यात मोठा सण मीच आहे ना, अक्का?" असं म्हणायची. ही गोळी आणखी कशासाठी असते हे तिला माहीत नव्हतं. ती विचारणारही नव्हती, कारण देणारी मी होते. मी बी.ए. होते.

तीन वर्षं गेली. तिला दिवस जाईनात. पहिल्या वर्षी अम्मा काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी तिच्याकडून पिंपळाला प्रदक्षिणा सुरू झाल्या. सकाळी अंघोळ करून ओल्या केसांनी ती कोपऱ्यावरच्या नागाच्या दगडांपाशी जायची, एकशे आठ फेऱ्या घालायची, येऊन सगळ्यांची कॉफी करायची. तिसऱ्या वर्षी पत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या. माझ्याकडून नातवाची आशा सुटल्यामुळे अम्मांची सगळी भिस्त तिच्यावर होती. तेही माझंच करणं, पण ते मला फार नंतर समजलं.

महिन्याच्या महिन्याला तिची पाळी चुकायची वाट कशी पाहिली जायची ते आठवलं की आजही कसंतरी होतं. गोळीने पाळी लांबली की तिला स्वतःलाच आशा वाटायची. एकदा दहा दिवस वर गेले तेव्हा ती मला म्हणाली, "अक्का, हे गोळीमुळे की...?" मी म्हटलं, गोळीमुळेच असेल. दुसऱ्या दिवशी ती चटईवर जाऊन बसली. अम्मा दारातून म्हणाल्या, "हिचं हे बरं आहे. महिन्याला तीन दिवस विश्रांती."

हे असं चालू असताना एक दिवस गाडीत मला बसायला जागा मिळाली. नवीन पाकीट पिशवीत होतं. त्यातला बारीक घडीचा पातळ कागद मी कधी उघडला नव्हता. ऑफिसात कुठलंही पत्र दोनदा वाचल्याशिवाय सहीला न पाठवणारी मी, हा कागद पाच-सहा वर्षं फेकून देत होते. त्या दिवशी वाचला. कोडंबाक्कमपासून एग्मोरपर्यंत तोच वाचत होते. ज्यांना मूल हवं आहे त्यांनी घेऊ नये, डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नये, मध्येच सुरू आणि मध्येच बंद करू नये. मी या तिन्ही गोष्टी केल्या होत्या.

संध्याकाळी डॉक्टरकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. किती दिवस देता, कधी सुरू करता, असं विचारत गेली. मला सगळं पाठ होतं, कॅलेंडर होतं ना. मूल न राहण्याचं कारण हेच असं ती खात्रीने म्हणाली नाही. म्हणाली, कारण दुसरंही असू शकेल, पण तुम्ही तिच्या शरीराला तीन वर्षं संधीच कमी दिलीत. आजपासून बंद करा. "आणि तिला सांगा. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं."

मी बंद केली. सांगितलं मात्र नाही.

सांगायचं म्हणजे गोळी खरी कशासाठी असते हे सांगायचं. ते सांगितलं की मी ती कशासाठी घेते हे बाहेर येणार. अम्मांना कळणार की रक्त कमी नव्हतं, सून खोटं बोलत होती. माझी नोकरी सुटली असती असं नाही, पण घरात माझा जो मान होता तो गेला असता. तो मान राखायला मी गप्प राहिले. घरात सांगितलं, डॉक्टर म्हणतात या गोळ्या फार घेऊ नयेत, आता फुलीच्या दिवशी मी रजा काढीन. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. जावेसाठी थोरली ऑफिस बुडवते, म्हणाले. जाऊ माझ्या पाया पडली.

गोळी बंद केली आणि दोन महिन्यांनी अम्मांनी ठरवलं की जावेला काही दिवस कुंभकोणमला पाठवायचं. काही दिवस म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. धाकट्या मुलासाठी दुसरं स्थळ बघावं का, असं त्यांच्या एका बहिणीने आमच्यासमोर विचारलं होतं आणि अम्मांनी नाही म्हटलं नव्हतं. कायद्याने ते शक्य नव्हतं, पण तंजावरकडे कायदा कोण बघतो, असं त्या बहिणीचं म्हणणं. भावोजी मान खाली घालून जेवत होते. मी नारळ खवत होते. खवणीवर बसल्या बसल्या मला वाटलं, आता बोलावं. नारळ संपला. मग मी दुसरा फोडला.

कुंभकोणमची गाडी एग्मोरहून सुटायची. भावोजींनी तिला डब्यात बसवून दिलं आणि ते कामावर गेले. माझं ऑफिस स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून मी थोडी रजा घेऊन गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी थांबले होते. वाक्य मनात तयार होतं. तिच्या मांडीवर जेवणाचा डबा होता, मुलींनी दिलेली केसांची रिबीन तिने मनगटाला गुंडाळली होती. ती म्हणाली, "अक्का, चार गोळ्या देऊन ठेवता का? पुढच्या महिन्यात आमच्याकडे देवीची पूजा आहे. मी दूर बसले तर आई एकटी पडेल."

मी म्हटलं, "त्या आता घ्यायच्या नाहीत."

"का?"

"बरं नसतं."

"तुम्ही घेता ना पण?"

गाडी हलली. मी हात वर केला. त्या दिवशी ऑफिसात मी दोन पत्रं टाइप केली, ती दोन्ही परत आली, चुकांसाठी. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

चार महिन्यांनी भावोजी कोणालाही न विचारता रविवारी कुंभकोणमला गेले आणि तिला घेऊन आले. त्यांच्या या धाडसाचं मला आजही आश्चर्य वाटतं. अम्मा दारात उभ्या होत्या, त्यांनी वाट अडवली नाही. पुढच्या वर्षी जावेला मुलगी झाली. सगळं श्रेय पिंपळाखालच्या नागाच्या दगडांना गेलं. बारशाला अम्मांनी तिथे दुधाचा अभिषेक करवला आणि मीही रांगेत उभी राहून हात जोडले.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं गेली. अम्मा गेल्या. आम्ही दोन घरं केली, पण एकाच भागात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. कॅलेंडरवरच्या खुणा कधीच थांबल्या होत्या. दूर बसणंही सुटलं, म्हणजे कोणी बंद केलं असं नाही, फ्लॅटमध्ये मागची खोलीच नव्हती. जावेची मुलगी शिकली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला मोटारीचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागली. रोज कंपनीच्या बसने जायची. लग्न झालं, नवराही तिथलाच. पहिल्या वर्षी दोघं जावेच्याच घरी राहत होती.

एकदा दुपारी मी गेले तेव्हा जाऊ जेवणाच्या टेबलाशी बसली होती. टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी गोळ्यांचं पाकीट पडलेलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. मुलगी विसरून गेली होती, किंवा तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. जावेने पाकीट माझ्याकडे सरकवलं. ओळीत बारीक बारीक गोळ्या, वरती वारांची नावं.

"ती म्हणते, दोन वर्षं मूल नको म्हणून घेते. अक्का, तुम्ही मला द्यायचात ती हीच ना?"

मला अजूनही नाही म्हणता आलं असतं. गोळ्या काय, सगळ्या सारख्याच दिसतात. मी हो म्हटलं. मग जे खवणीवर आणि स्टेशनवर बोलायला हवं होतं ते सगळं बोलले. कागद, डॉक्टर, अम्मांची भीती, काही ठेवलं नाही. मी रडले. ती रडली नाही. तिने एकच विचारलं, तुम्हाला कधी कळलं. मी सांगितलं, तू कुंभकोणमला जायच्या दोन-तीन महिने आधी.

तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "म्हणजे वळैकाप्पूच्या दिवशी तुम्हाला माहीत होतं."

मला कुठलं वळैकाप्पू ते आठवेना. तिने सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या तमिळ घरातल्या सुनेला सातवा महिना होता. वळैकाप्पू म्हणजे गर्भारणीच्या हातात बांगड्या भरण्याचा कार्यक्रम. सगळ्या बायका एकेक करून तिला बांगड्या घालत होत्या. जाऊ बांगड्यांचं ताट घेऊन उभी होती, कारण आम्ही मदतीला गेलो होतो. अम्मांनी डोळ्यांनी खूण केली. आणि मी पुढे होऊन तिच्या हातातलं ताट काढून घेतलं, म्हणजे मूल नसलेल्या बाईचा हात त्याला लागायला नको.

"अम्मांनी घेतलं असतं तर मला काही वाटलं नसतं," ती म्हणाली. "अम्मा तशाच होत्या. तुम्ही ताट घेतलंत आणि माझ्याकडे बघून हसलात. मला वाटलं, अक्का माझी समजूत घालताहेत. मी तुमची बाजू घेतली मनात, इतकी वर्षं."

मला ते आठवत नाही. आजही आठवत नाही. गाडीतला कागद मला ओळीनिशी आठवतो, पत्रांतल्या चुका आठवतात, पण माझे हात तिच्या हातातलं ताट घेताहेत हे काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. ती खोटं बोलत नाही. म्हणजे मी ते इतक्या सहज केलं होतं की माझ्या लक्षातसुद्धा राहिलं नाही.

तिने मला माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. तिने तसं म्हटलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. त्या दिवशी तिने नेहमीसारखी कॉफी केली. त्यानंतर दोन महिने आली नाही, मग आपणहून आली. आता आम्ही दोघी संध्याकाळी देवळापर्यंत चालतो. एक गोष्ट मात्र बदलली. ती पूर्वी प्रत्येक गोष्ट मला विचारून करायची, कुठला डॉक्टर, कुठली शाळा, कुठल्या कागदावर कुठे सही करायची. आता विचारत नाही. स्वतः वाचते, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि न समजलं तर मुलीला विचारते.

थोरले, तुझ्या निबंधासाठी तुला मी सांगितलं ते खरंच आहे. गोळीने मला नोकरी दिली. पण ती माझ्या हातात आली तेव्हा घरात आणखी एक बाई होती, आणि तिला काय दिलं जातं आहे हे कळायचा हक्क मी तिला दिला नाही. तेवढं शिकलेली असून.

पाकिटात घालण्याआधी हे सगळं मी काल तिच्याकडे नेलं आणि वाचून दाखवलं. तिच्याबद्दल लिहून तिला न दाखवता पाठवणं पुन्हा तेच झालं असतं. तिने मध्ये कुठेच थांबवलं नाही. नागाच्या दगडांपाशी थोडी हसली. संपल्यावर मी विचारलं, पाठवू का. मी ताट हळदीकुंकवाचं होतं असं लिहिलं होतं.

"हळदीकुंकवाचं नाही," ती म्हणाली. "बांगड्यांचं. ते नीट करा, मग पाठवा."

तिथेच बसून मी ते खोडलं आणि वर दुरुस्त केलं.